जीपीएस टायमरचा रिव्ह्यू: ० ते १०० चा आकडा आता किती मनावर घ्यायचा?

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगून टाकतो, बाइकचा वेग मोजणारी ही डबी चांगली आहे, पाचपैकी चार स्टार. पण ज्या आकड्यासाठी बहुतेक जण ती घेतात तो ० ते १०० किमी/तास गाठायचा टायमिंग मला तिच्यातला सगळ्यात कमी कामाचा वाटला, आणि ज्या गोष्टीकडे कोणी फारसं बघत नाही ती तिची खरी कमाई आहे. आता सविस्तर.

वस्तू म्हणाल तर तळहातात मावणारी काळी डबी, आत जीपीएसचा रिसीव्हर, एक छोटा ॲक्सिलरोमीटर (वेगवाढ मोजणारा सेन्सर), बॅटरी आणि ब्लूटूथ. मोबाइलवर ॲप टाकायचं, डबी गाडीवर नीट बसवायची, उघड्या आकाशाखाली सॅटेलाइट पकडू द्यायचे आणि थ्रॉटल उघडायचा. गाडी हलली की मोजणी आपोआप सुरू होते. सेकंदाला १० वेळा वेग नोंदवते, म्हणजे १० हर्ट्झ. हा दहाचा आकडा महत्त्वाचा आहे कारण साधारण मोबाइलमधलं जीपीएस सेकंदाला एकदाच अपडेट देतं. एखादी तगडी बाइक पूर्ण जोरात सुटली की तिचा वेग एका सेकंदात ३५ किमी/तासाने वाढू शकतो, मग एका रीडिंगपासून दुसऱ्यापर्यंत ३५ ची उडी आणि मधलं सगळं ॲपने अंदाजाने भरलेलं. म्हणून नुसत्या मोबाइलवर काढलेला "३.४ सेकंद" असा स्क्रीनशॉट कोणी दाखवला तर त्यातला पॉइंटनंतरचा आकडा सोडून द्या. डबीत हीच उडी साडेतीन किमीवर येते, त्यामुळे दशांश सेकंदापर्यंत विश्वास ठेवता येतो. ॲप शतांश पण दाखवतं, ते मी बघत नाही.

बसवण्याबद्दल थोडं कारण इथे बऱ्याच जणांचं चुकतं. खाली मॅग्नेट आहे पण हल्ली टाकीवर प्लास्टिकचं कव्हर असतं तिथे मॅग्नेटचा उपयोग शून्य. जॅकेटच्या खिशात ठेवली तर वाकून बसल्यावर आपलंच शरीर आकाश झाकतं आणि सिग्नल खालावतो. सिंगल सिलेंडरच्या हँडलबारवर लावली तर व्हायब्रेशनमुळे ग्राफवर काटे येतात. मला सगळ्यात स्वच्छ डेटा मिळाला तो मागच्या सीटच्या शेपटीवर चांगल्या दुहेरी टेपने चिकटवून. तिथे वरती काही नसतं आणि व्हायब्रेशनही कमी.

पहिला फायदा लगेच मिळतो, स्पीडोमीटर किती फुगवून सांगतोय ते कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं, त्यामुळे कंपन्या थोडं जास्तच दाखवतात. माझ्या गाडीवर काटा १०० वर असताना खरा वेग ९५ च्या आसपास होता. स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून स्टॉपवॉच लावणाऱ्यांची मोजणी तिथेच संपते, ते ० ते ९५ मोजून ० ते १०० म्हणून सांगत असतात.

आता आकड्यांकडे येऊ. ॲपमध्ये "रोलआउट" नावाचं एक सेटिंग आहे, ऑन केलं की पहिला एक फूट, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, हिशोबात धरला जात नाही. ही ड्रॅग स्ट्रिपवरची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावरची, जुनी पद्धत, तिथे चाक लाइट बीममधून थोडं पुढे सरकल्यावरच घड्याळ सुरू होतं. ऐकायला एक फूट म्हणजे काहीच नाही, पण १ जी च्या (वरून पडणाऱ्या वस्तूइतक्या, म्हणजे सेकंदाला ३५ किमी/तास) वेगवाढीने तेवढं अंतर कापायला पाव सेकंद लागतो आणि तोपर्यंत गाडी जवळपास ९ किमी/तासाला पोचलेली असते. म्हणजे तीच गाडी, तोच रायडर, तोच रन, एक टिक मार्क केली की ३.४ चे ३.१५ झाले. त्यात काही जण ० ते ६० मैल सांगतात आणि काही ० ते १०० किमी, आणि लोक दोन्ही शेजारी ठेवून भांडतात. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी. साडेतीन किमीचा फरक किरकोळ वाटेल पण एखादी बाइक ६० मैल एकाच गिअरमध्ये गाठते आणि १०० साठी तिला अजून एक गिअर टाकावा लागतो, तिथे पूर्ण एका शिफ्टचा वेळ वाढतो. वारा, उतार, रायडरचं वजन, टायर गरम की गार हे सगळं अजून वेगळंच. मी प्रत्येक रन त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांना करून सरासरी घेतो, बंद ट्रॅकवर, आणि हे उघड्या रस्त्यावर करायचं काम नाही हे मी मनापासून सांगतोय.

पण हे झाले मोजणीतले घोळ, ते सांभाळता येतात. मुद्दा पुढे आहे. अगदी बरोबर मोजला तरी मोठ्या बाइकचा ० ते १०० चा आकडा आता इंजिनबद्दल फारसं सांगत नाही.

कारण साधं भूमितीचं आहे. बाइक जोरात पुढे ढकलली की पुढचं चाक उचलायला लागतं. किती जोरात ढकलल्यावर उचलेल हे दोनच गोष्टींवर ठरतं, रायडरसकट गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती वर आहे. स्पोर्टबाइकचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४०० मिमीच्या आसपास, गुरुत्वमध्य साधारण मधोमध, म्हणजे ७०० पुढे आणि जवळपास तितकाच वर. भागाकार आला एक, म्हणजे मर्यादा १ जी च्या आसपास. त्याच्यावर ताकद लावली तर गाडी पुढे जायच्या ऐवजी वर जाते. आणि १ जी ने शून्यापासून १०० किमी/तास गाठायला लागतात २.८ सेकंद. हीच भिंत आहे. इंजिन २०० हॉर्सपॉवरचं लावा, ३०० चं लावा, व्हीलबेस आणि उंची तीच असेल तर भिंत हलत नाही.

आता ही भिंत गाठायला किती ताकद पुरते ते बघा. रायडर धरून २८० किलो वजन आणि मागच्या चाकावर खरे १०० हॉर्सपॉवर पकडले तर हवेचा विरोध बाजूला ठेवून तेवढी ताकद ९८ किमी/तासापर्यंत १ जी देऊ शकते. म्हणजे कागदावर शंभर हॉर्सपॉवरची गाडी ० ते १०० मध्ये दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीच्या जवळपास बरोबरीने येते. प्रत्यक्षात गिअर बदलणं, क्लच सोडणं यात थोडा फरक पडतो पण तो फरक रायडरच्या डाव्या हाताचा जास्त आणि इंजिनचा कमी. खरी तफावत दिसते पुढे, १५० ला शंभरवालीकडे हवेचा विरोध वजा जाता अर्धा जी उरतो आणि दोनशेवाली अजून पुढचं चाक जमिनीवर ठेवायची खटपट करत असते. आता हा फरक ० ते १०० च्या आकड्यात कुठे दिसणार? दिसतच नाही.

ट्रायम्फची २०१९ मध्ये आलेली रॉकेट ३ हे याचं सगळ्यात भारी उदाहरण. २४५८ सीसी, २२१ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), १६७ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), कोरडं वजनच २९० किलोच्या घरात. स्पोर्टबाइकवाले हिला सोफा समजतात, आणि कंपनीने हिचा ० ते ६० मैलाचा वेळ दिलाय २.७३ सेकंद. व्हीलबेस १६७७ मिमी आहे, गाडी लांब आणि बुटकी, चाक उचलत नाही, मग असलेला टॉर्क सगळा पुढे ढकलण्यात जातो. ड्रॅगवाले सुझुकीच्या हायाबुसाला लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लावतात तेही याचसाठी. मग नुसत्या या आकड्यावरून रॉकेट ३ सुपरबाइकच्या बरोबरीची परफॉर्मन्स गाडी म्हणायची का? एका अर्थाने हो, त्या तीन सेकंदांत. ट्रॅकच्या पहिल्या वळणानंतर तुलना संपते.

पूर्वी असं नव्हतं आणि म्हणूनच हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसलाय. १९६९ ची होंडा सीबी ७५० म्हणजे ६७ हॉर्सपॉवर, १९७२ ची कावासाकी झी १ म्हणजे ९०३ सीसी आणि ८२ हॉर्सपॉवर. त्या काळात ताकदच कमी पडायची, भिंत लांब होती, त्यामुळे पाव मैलाचा म्हणजे ४०२ मीटरचा टायमिंग बघून कुठलं इंजिन दमदार ते खरंच कळायचं. झी १ बारा-साडेबारा सेकंदांत जायची आणि ते प्रचंड मानलं जायचं. आजच्या लिटरबाइक (हजार सीसीवाल्या) दहा सेकंदांच्या आसपास जातात. पन्नास वर्षांत ताकद अडीचपट झाली आणि वेळ दोन-अडीच सेकंदांनी उतरला.

तरीही पाव मैलाचा रन मी टाकून देणार नाही, कारण त्यात दोन आकडे मिळतात आणि दोन्ही वेगळं सांगतात. लागलेला वेळ सांगतो सुरुवात कशी झाली, ग्रिप, क्लच, व्हीलबेस वगैरे. शेवटच्या रेषेवरचा वेग, ट्रॅप स्पीड, सांगतो इंजिनमध्ये किती दम आहे. सुरुवात फसली तर वेळ बिघडतो पण ट्रॅप स्पीड फारसा हलत नाही. गाडीला नवा एक्झॉस्ट लावून "पिकअप वाढला" म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा बघावा. डबी दोन्ही देते, फक्त ॲप वेळ मोठ्या अक्षरात आणि ट्रॅप स्पीड कोपऱ्यात बारीक दाखवतं. हे उलट पाहिजे होतं.

छोट्या गाड्यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं, आणि इथे "आता आकड्यांना काही अर्थ नाही" म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. चाकावर वीस हॉर्सपॉवर आणि रायडरसकट २२० किलो असेल तर ६० किमी/तासाला जेमतेम ०.४ जी मिळतो, चाक उचलण्याची भीती नाही, प्रत्येक हॉर्सपॉवर आणि प्रत्येक किलो आकड्यात उतरतो. रायडर २० किलोने जड असेल तर वेळ साधारण नऊ टक्क्यांनी वाढतो. दीडशे-दोनशे सीसीच्या दोन गाड्यांमधून निवड करायची असेल तर ० ते ६० आणि ० ते १०० किमी/तास नक्की बघा, सिग्नलवरून सुटताना, चढावर, मागे माणूस बसवून जाताना हाच फरक अंगावर येतो. म्हणजे ज्या गाड्यांसाठी आकड्यांचा सगळ्यात जास्त गवगवा होतो तिथे ते सगळ्यात कमी सांगतात, आणि ज्या गाड्यांचे आकडे कोणी विचारत नाही तिथे ते सगळ्यात खरे असतात.

आता माझा आवडता भाग, रोल-ऑन. चालत्या गाडीत गिअर न बदलता ६० ते १०० किंवा ८० ते १२० ला किती वेळ लागतो ते. इथे क्लचची कसरत नाही, चाक उचलणं नाही, रायडरचं कसब जवळपास बाहेर. दोन गाड्या घ्या, यामाहा एमटी-०७ आणि कावासाकी झेडएक्स-४आरआर. पहिली ६८९ सीसीची ट्विन (दोन सिलेंडरवाली), ७३ पीएस च्या आसपास. दुसरी ३९९ सीसीची चार सिलेंडरवाली, ७७ पीएस. दोघींचं वजन १८५-१९० किलोच्या घरात. ब्रोशर वाचून वाटेल भाऊ-भाऊच. पण एमटी-०७ आपला ६७ न्यूटन मीटरचा टॉर्क ६,५०० आरपीएमलाच देते, म्हणजे तिथेच तिच्याकडे ६२ पीएस हजर. झेडएक्स-४आरआर चा टॉर्क ३९, तोही १३,००० आरपीएमला, म्हणजे ६,५०० ला तिच्याकडे जास्तीत जास्त ३६ पीएस. गिअरिंग आखूड असल्याने त्यातलं थोडं भरून निघतं, ते मान्य, पण बाकीचं भरून काढायला दोन-तीन गिअर खाली टाकून सुई वर न्यावी लागते. ज्याला ते आवडतं त्याच्यासाठी ती स्वर्ग आहे. रोज लांब पल्ला मारणाऱ्याला मात्र हा फरक कळणं गरजेचं आहे आणि तो ० ते १०० मधून कधीच कळणार नाही कारण तिथे दोघींचे रायडर रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत, ताणतात.

कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. २०२१ च्या हायाबुसाची ताकद सुझुकीने १९७ वरून १९० पीएस वर आणली आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क वाढवला. नावाजलेल्या सगळ्यात वेगवान बाइकपैकी एकीचा सगळ्यात मोठा आकडा कंपनी स्वतः खाली आणते, यातच काय ते आलं.

रोल-ऑनचा वेळ जिवाशी कसा जोडलेला आहे त्याचा हिशोब करून बघितला. ६० ने चाललेल्या ट्रकच्या मागे तुम्ही आहात, त्याला ओलांडून सुरक्षित आत येण्यासाठी त्याच्यापेक्षा ३० मीटर जास्त कापायचे आहेत. ६० ते १०० चार सेकंदांत करणारी गाडी हे साधारण ४.६ सेकंदांत करते, सहा सेकंद लागणारी ५.७ सेकंदांत. एक सेकंदाचा फरक. समोरून ८० ने येणारी गाडी त्या एका सेकंदात २२ मीटर जवळ येते आणि तुम्ही स्वतः तिच्याकडे जाताय ते वेगळं. ॲक्सिलरेशनचे आकडे बिनकामाचे झाले असं म्हणणाऱ्यांनी हे २२ मीटर डोळ्यासमोर आणावेत.

रोल-ऑनमध्येही एक पळवाट आहे, टॉप गिअर आखूड ठेवला की आकडा छान येतो आणि हायवेवर इंजिन किंचाळत राहतं. म्हणून आकड्याबरोबर त्या वेगाला आरपीएम किती ते पण लिहून ठेवा. आणि राइड मोड कुठला होता तेही, राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या) गाडीत ग्रिप पूर्ण पिळली म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडलाच असं नसतं, खालच्या गिअरमध्ये ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हात आखडता घेऊ शकतो.

या डबीची खरी कमाई म्हणजे ग्राफ. रन संपला की वेगाची रेघ आणि तिच्याखाली जी ची रेघ येते, बोटांनी मोठी करून बघता येते. माझ्या एका रनचा सांगतो. सुटताना जी ची रेघ झपकन वर, मग अचानक खड्डा, तिथे पुढचं चाक हलकं झालं आणि ट्रॅक्शन कंट्रोलने (मागचं चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेने) ताकद कापली. परत वर. मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगाची रेघ क्षणभर आडवी, क्लच वापरून केलेल्या शिफ्टला हा आडवा तुकडा स्पष्ट लांब, क्विकशिफ्टरला (क्लच न दाबता गिअर बदलू देणाऱ्या सोयीला) एवढासा. त्यानंतर दुसऱ्या गिअरमध्ये जी ची रेघ मध्येच थोडी खचते आणि मग फुगते, तो माझ्या इंजिनचा मधला ढिला पट्टा, चालवताना जाणवायचा पण नेमका कुठे ते सांगता येत नव्हतं, इथे तो किती किमीपासून किती किमीपर्यंत हे सरळ वाचता आलं. मी मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलायचं ठरवलं ते याच रेघेवरून, आणि बदलल्यानंतर परत रन करून तो पट्टा नेहमीच्या ओव्हरटेकच्या वेगातून खाली सरकलाय हे पण याच रेघेवर बघितलं. एका आकड्यात हे सगळं मिटून जातं.

इलेक्ट्रिक बाइकवर ग्राफ बघायला मिळाला तर जरूर बघा, गिअरच नाही त्यामुळे एकही आडवा तुकडा नाही, सुरुवातीला रेघ उंच आणि मग वेगाबरोबर हळूहळू उतरत जाते. हार्ले-डेव्हिडसनने लाइव्हवायर आणली तेव्हा ० ते ६० मैल ३ सेकंद याच्या बरोबरीने ६० ते ८० मैल १.९ सेकंद हा आकडाही दिला होता, दुसरा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो कारण तिथे कुठला गिअर हा प्रश्नच उरत नाही.

डबीला न दिसणारं पण बरंच आहे. ग्रिप पिळल्यापासून गाडी हलेपर्यंतचा तो बारीक उशीर, बंद थ्रॉटल परत उघडताना बसणारा झटका, ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर गाडी किती शांत चालते, हे सेकंदाला १० रीडिंगमध्ये पकडता येत नाही, आणि रोज चालवताना गाडी आवडते की नकोशी होते ते याच गोष्टींवर. ब्रेकिंग मात्र मोजते, १०० ते ०, मीटरमध्ये. १ जी ला हे ३९ मीटर येतं आणि इथेही भूमिती तीच, फक्त उचलतं ते मागचं चाक. नवी गाडी बघताना मी हा आकडा ० ते १०० च्या वर ठेवतो.

अजून एक, लाँचचे, म्हणजे उभ्या गाडीतून जोरात सुटायचे, रन मोजून-मापूनच करा. वेट क्लच (तेलात चालणारा) सलग लाँच सहन करत नाही, तेल तापतं, प्लेट जळकट वास मारायला लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या रनला वेळही वाढायला लागतो. रोल-ऑनला क्लच लागतच नाही, दिवसभर करा.

तक्रारी थोड्याच. ढगाळ हवेत नाही पण झाडांखाली आणि उंच भिंतींजवळ सिग्नल डळमळतो, तरी ॲप रन बाद करत नाही, नुसती पिवळी खूण दाखवतं. उतार मोजतं पण उतारावरचा रन "बेस्ट" मध्ये मोजायचा की नाही हे आपल्यावर सोडतं. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नाजूक आहे, पावसात मी वरून टेप लावतो. आणि सगळ्यात मोठी उणीव, ६० ते १०० चे रन गिअरप्रमाणे वेगवेगळे साठवायची सोय नाही, प्रत्येक रनच्या नावात "चौथा", "सहावा" असं हाताने लिहावं लागतं. पाचवा स्टार तिथे अडकलाय. ॲपच्या फीडबॅकमध्ये मी हे लिहून पाठवलंय, तुमच्याकडे ही डबी असेल तर तुम्हीही पाठवा, जितके जास्त जण मागतील तितकं लवकर येईल.